शाल-श्रीफळ नको, ऐकायला माणसं द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या परभणी पानावर आमच्या गावच्या एका मुलीच्या सत्काराची बातमी छायाचित्रासह आली. जर्मनीत शिकून तिथेच व्हायोलिनवादक म्हणून उभी राहू पाहणारी ही पंचविशीतली मुलगी. वयाच्या आठव्या वर्षी ती माझ्याकडे पहिल्यांदा आली आणि गाव सोडेपर्यंत माझ्याकडेच शिकत होती. तिचं नाव बातमीत आलेलंच आहे, मी ते पुन्हा लिहीत नाही. बातमी छापलीत याचा मला फार आनंद झाला, कारण एरवी आमच्या भागातली मुलं वर्तमानपत्रात येतात ती नीटच्या निकालात.

एक दुरुस्ती मात्र करायला हवी. ती तिथल्या मोठ्या ऑर्केस्ट्रात मुख्य वादक आहे, असं छापून आलं आहे. तसं नाही. ती आणि तिच्या बरोबरीच्या तिघांनी मिळून एक स्ट्रिंग क्वार्टेट उभं केलं आहे. दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या सुराचं) आणि एक चेलो (त्याहूनही मोठं, बसून गुडघ्यांत धरायचं), एवढी चारच वाद्यं. समोर हातवारे करणारा संचालक नाही, तबला नाही, माइक नाही. त्यात ती दुसरं व्हायोलिन वाजवते. सत्काराच्या दिवशी हे मी दोघा-तिघांना सांगितलं, तर लगेच प्रश्न आला, ‘दुसरं का? पहिलं कधी मिळणार?’ प्रश्न आपुलकीनंच विचारला होता. पण त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हे पत्र.

क्वार्टेटमध्ये प्रत्येक ओळ एकाच माणसाची असते. मोठ्या ऑर्केस्ट्रात दहा-बारा जण एकच ओळ वाजवत असतात, एखादा चुकला तरी भागून जातं. इथे चौघांपैकी एक थांबला की इमारतीचा एक खांबच निघतो. चारही वाद्यं मिळून स्वरसमूह उभा राहतो, आणि पुष्कळदा त्यातला गांधार, म्हणजे ‘ग’ हा स्वर, दुसऱ्या व्हायोलिनच्या किंवा व्हायोलाच्या वाट्याला असतो. गांधार शुद्ध की कोमल, यावर त्या सगळ्या सुरावटीचा रंग ठरतो. तो किंचित चढला तर सगळं आंबट लागतं. पियानोवरचा गांधार थोडा चढाच मिळवलेला असतो. क्वार्टेटला तो चालत नाही, तिथे कानाला गुळगुळीत लागणारा, स्वाभाविक गांधार शोधून लावावा लागतो. जर्मनीतल्या तिच्या एका प्राध्यापकांनी तिला पहिल्याच सत्रात विचारलं की हा गांधार तू कुठे शिकलीस. तिनं सांगितलं, तानपुऱ्यावर. चांगल्या मिळवलेल्या तानपुऱ्याच्या खरजाच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू येतो, हे आपल्याकडच्या कोणत्याही जाणत्या गायकाला माहीत असतं. ती मुलगी सकाळी शाळेआधी माझ्या ओसरीवर बसून तो ऐकत असे, आणि ऐकू आल्याशिवाय मी तिला गज हातात घेऊ देत नसे. म्हणून मला ‘दुसरं’ या शब्दाचं काडीचंही वाईट वाटत नाही. तिच्या कानाला शोभेल अशी जागा तिनं स्वतः निवडली आहे.

माझ्याकडे ती शिकली ते हिंदुस्थानी व्हायोलिन. गजाननराव जोशी, श्रीधर पार्सेकर, वाईचे व्ही. जी. जोग, डी. के. दातार या मंडळींनी हे परदेशी वाद्य आपल्या रागसंगीतात इतकं मुरवलं, की माझ्या पिढीला ते परकं कधी वाटलंच नाही. मांडी घालून बसायचं, वाद्याचं डोकं पावलावर टेकवायचं, तारा षड्ज-पंचमात मिळवायच्या आणि डावा हात मिंडेसाठी मोकळा ठेवायचा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत ती मध्यमा पूर्णपर्यंत पोहोचली. वडील कृषी विद्यापीठात प्रक्षेत्रावर नोकरीला, आई शिवणकाम करणारी. पहिलं लहान मापाचं व्हायोलिन माझ्याकडचंच होतं. वडील संध्याकाळी सायकल टेकवून ओसरीच्या पायरीवर बसत. एकदा म्हणाले, ‘बाई, लेकरू काय वाजवायलंय ते मला कळत नाही, पर घरी जावं वाटंना गेलंय.’

तिचं मन पाश्चात्य संगीताकडे वळलं ते हायडनच्या एका क्वार्टेटमुळे. (या चार वाद्यांसाठी लिहिलेल्या रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात.) मी एका जुन्या ध्वनिफितीवर तो ऐकवला होता. जोसेफ हायडननं १७९७च्या सुमारास लिहिलेला हा क्वार्टेट ‘एम्परर’ या नावानं ओळखला जातो. त्यातल्या दुसऱ्या भागाची धून आज जर्मनीच्या राष्ट्रगीताची धून आहे. ती धून आधी पहिलं व्हायोलिन वाजवतं, आणि मग एकेका आवर्तनात ती एकेका वाद्याकडे सोपवली जाते. पहिली पाळी दुसऱ्या व्हायोलिनची. त्या वेळी व्हायोला आणि चेलो गप्प असतात. धून दुसऱ्या व्हायोलिनकडे आणि तिच्या अवतीभवती पहिल्या व्हायोलिनची बारीक जलद नक्षी. मग धून चेलोकडे जाते, मग व्हायोलाकडे, आणि शेवटी पुन्हा पहिल्याकडे. परभणीत व्हायोला आणि चेलो कुठून आणणार? पण दोन व्हायोलिन होती. एक तिचं आणि एक माझं. त्यामुळे त्या सबंध क्वार्टेटमधला तेवढाच तुकडा आम्हाला जसा लिहिलाय तसा वाजवता येण्यासारखा होता, आणि तो आम्ही वाजवला. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहायची पाश्चात्य स्वरलिपी, मी तरुणपणी हैदराबादला थोडंफार शिकले होते, तेवढं तिला दिलं. आधी धून मी वाजवायची आणि नक्षी ती. काही महिन्यांनी ती म्हणाली, ‘बाई, आता तुम्ही वरचं वाजवा, मला मधलं वाजवू द्या.’ तिची आजची जागा त्या दिवशीच ठरली, असं मला मनापासून वाटतं.

पुढे माझं शिकवणं पुरेनासं झालं. उभं राहून वाजवायचं, वाद्य हनुवटी आणि खांद्याच्या मध्ये धरायचं, तारा जी-डी-ए-ई या सुरांत मिळवायच्या, हे सगळं नव्यानं सुरू झालं. वर्षानुवर्षं मिंडेत घसरायला शिकलेलं बोट आता थेट जागेवर ठेवायचं, हे तर फार अवघड. महिन्यातून एकदा बाप-लेक शुक्रवारी रात्री देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला जात, शनिवारी शिकवणी करून रात्रीच्याच गाडीनं परत. तिनं ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ग्रेड एकामागून एक दिल्या. नातेवाइकांनी लातूरला क्लास लावा म्हणून तगादा लावला होता. दहावीला तिला गुण चांगले होते, त्यामुळे तो तगादा जरा जास्तच झाला. तिच्या आईनं तो सगळा स्वतःच्या अंगावर घेतला आणि मुलीपर्यंत पोहोचू दिला नाही. या बाईचा सत्कार कुणी केलेला नाही.

इथे वाद्याविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण मराठवाड्यात व्हायोलिन जिवंत ठेवणं हीच एक साधना आहे. पावसाळ्यात मुंबईची ओल लाकडात शिरते, खुंट्या फुगून जाम होतात. एप्रिल-मेमध्ये परभणीचा पारा ४४च्या पुढे जातो, हवा कोरडी ठाक, तेव्हा लाकूड आकसतं, खुंट्या सटकतात आणि कडेचे जोड उकलतात. व्हायोलिनचे जोड मुद्दाम सरसानं चिकटवलेले असतात, म्हणजे ताण आला तर लाकूड फाटण्याआधी जोड सुटावा आणि पुन्हा चिकटवता यावा. पण ते नीट चिकटवणारा कारागीर मला सबंध मराठवाड्यात सापडला नाही. आमच्याकडे तबला-हार्मोनियमचे हात कुशल आहेत, पण व्हायोलिनचं पोट उघडायला त्यांनाही भीती वाटते, आणि ती रास्त आहे. जोड उकलला की मुंबई, आणि तोवर रियाज बंद. शेवटी तिच्या वडिलांनी साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीला बारीक भोकं पाडली, आत ओला स्पंज ठेवला आणि ती डबी व्हायोलिनच्या पेटीत बसवली. टँकरच्या दिवसांतही त्या स्पंजाचं पाणी चुकलं नाही. गजाला घोड्याच्या शेपटीचे दीडशेच्या आसपास केस असतात, तेही झिजतात आणि बदलावे लागतात. चांगल्या तारांचा एक संच पाच-सात हजारांना, आणि रोज सहा-सहा तास वाजवणाऱ्या मुलीला तो वर्षभर पुरत नाही. मोठी वादक होण्याच्या आधीचा हा खर्च कुणाच्या हिशोबात येत नाही.

जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत सरकारी संगीत महाविद्यालयांत शिकवणीची फी नाममात्र असते, म्हणून तिनं तो देश निवडला. प्रवेश परीक्षेला बाखचं एकट्या व्हायोलिनसाठीचं संगीत, एक कंचेर्टो (ऑर्केस्ट्राच्या साथीनं एकट्यानं वाजवायची रचना), एक कठीण अभ्यासतुकडा असं सगळं वाजवून दाखवावं लागलं. फी नसली तरी विद्यार्थी व्हिसासाठी वर्षभराच्या पोटापाण्याची रक्कम आधी तिथल्या खात्यात अडकवून ठेवावी लागते. आज ती ११,९०४ युरो आहे, म्हणजे दहा लाख रुपयांहून जास्त. तिच्या वेळी थोडी कमी होती, तरी वडिलांना भविष्य निर्वाह निधी आणि नातेवाइकांकडची उसनवारी दोन्ही करावं लागलं. त्यातली उसनवारी अजून फिटते आहे. बातमीतलं ‘युरोपात झेंडा रोवला’ हे वाक्य वाचून कुणाला वाटेल की आता तिला काही कमी नाही. म्हणून पदवीनंतरच्या या दोन वर्षांत तिचे दिवस कसे जातात, ते तिनं मला जसं सांगितलं तसं सांगते.

आठवड्याचे पाच दिवस सकाळी चौघं तालीम करतात. त्या तालमीचे पैसे कुणी देत नाही. दुपारनंतर ती लहान मुलांना शिकवते, त्यावर खोलीचं भाडं निघतं. एखाद्या ऑर्केस्ट्रात कुणी आजारी पडलं की बदली वादक म्हणून बोलावणं येतं, कधी आदल्या दिवशी. कार्यक्रम मिळाला तर मानधन चार ठिकाणी वाटलं जातं, आणि विमानानं जायचं असेल तर चेलोसाठी पाचवं तिकीट काढावं लागतं, कारण ते वाद्य सामानात टाकता येत नाही. स्पर्धांना ध्वनिचित्रमुद्रण पाठवायचं तर त्याचाही खर्च आहे. आणि शिकायचं किती? एकट्या हायडनचे ६८ क्वार्टेट, बेथोव्हनचे १६, बार्टोकचे ६, शोस्टाकोविचचे १५. त्यातला एखादाच नीट बसवायला महिने जातात. बसवलेला क्वार्टेट मोठ्या मंचावर किंवा स्पर्धेत नेण्याआधी तो लोकांसमोर पंधरा-वीस वेळा वाजून व्हावा लागतो. तालमीच्या खोलीत कितीही घासलं तरी श्रोत्यांसमोर चौघांचे श्वास जसे जुळतात तसे तिथे जुळत नाहीत. मी फोनवर विचारलं की तुला सगळ्यात जास्त कशाची गरज आहे. पैसे म्हणेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, ‘बाई, ऐकायला बसणारी माणसं. वीस असली तरी चालतील, पण शेवटपर्यंत बसणारी.’

आता सत्काराविषयी. ज्या मंडळींनी तो केला त्यांच्या हेतूवर माझा आक्षेप नाही, म्हणून त्यांचं नाव घेत नाही. पण त्या सभेत मी पहिल्या रांगेत होते. चौकात फ्लेक्स, व्यासपीठावर दहा-बारा मान्यवर, प्रत्येकाला शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. दोन तासांच्या भाषणांनंतर तिला सांगण्यात आलं, ‘आता पाच मिनिटं काहीतरी वाजवून दाखवा.’ व्हायोलिनच्या पोटाजवळ माइक आणून ठेवला, स्पीकर शिट्टी मारू लागला. तिनं बाखचा एक संथ तुकडा सुरू केला. तो अर्ध्यावर असताना निवेदकानं मागून माइकवर टाळ्यांचं आवाहन केलं, आणि पाहुण्यांना दुसरीकडे जायचं होतं म्हणून आभारप्रदर्शन सुरू झालं. तिनं शांतपणे गज खाली घेतला आणि नमस्कार केला. तिला या गावात ऐकवायचं होतं, त्यासाठी ती इतक्या लांबून वाद्य हातात धरून आली होती. त्या फ्लेक्सच्या आणि शालींच्या पैशात दोन वादकांचं जाण्यायेण्याचं भाडं आणि मानधन निघालं असतं.

त्याच आठवड्यात दुसरी एक संध्याकाळ झाली, तिची बातमी कुठेच आली नाही. तिच्याबरोबर तिची व्हायोला वाजवणारी मैत्रीण आली होती. आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालांनी वाचनकक्ष दिला. वर्तमानपत्रांची टेबलं भिंतीला लावली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. पंख्याचा आवाज सुरांत मिसळतो आणि वाऱ्यानं पानं उडतात, म्हणून पंखे बंद केले. तरीही खिडकीतून वारा येत होता, तेव्हा समोरच्या घरातून कपड्यांचे चिमटे मागवून नोटेशनची पानं स्टँडला अडकवली. तीस-चाळीस माणसं होती. मोझार्टनं १७८३मध्ये व्हायोलिन आणि व्हायोला या दोनच वाद्यांसाठी लिहिलेली, ‘जी मेजर’ या स्वरश्रेणीतली रचना त्यांनी पूर्ण वाजवली. माइक नव्हता. पहिल्या मिनिटभरात लोक जरा पुढे झुकले, कारण आवाज आपल्यापर्यंत येईल की आपणच त्याच्याकडे जायचं, हे त्यांना कळत नव्हतं. मग कान सरावले.

संपल्यावर तहसीलमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, ‘यात सम कुठं येते? मी मघापासून शोधायलोय.’ तिला हा प्रश्न फार आवडला. तिनं प्रत्येक मात्रेवर टाळी देऊन आवर्तन कसं मोजायचं ते दाखवलं, आणि आपल्यासारखी तालचक्राची सम यात नसली तरी वाक्य कुठे येऊन टेकतं ते वाजवून ऐकवलं. दर सप्ताहात टाळ घेऊन उभ्या राहणाऱ्या एका आजोबांनी मधला संथ भाग पुन्हा एकदा वाजवायला सांगितला. दोघींनी तो पुन्हा वाजवला. त्या परदेशी मुलीनं मला नंतर विचारलं की हे लोक या संगीताचे जाणकार आहेत का. मी तिला सांगितलं की यांनी हे संगीत आज पहिल्यांदा ऐकलं, पण रात्रभर कीर्तन ऐकायची यांना सवय आहे.

मला म्हणायचं आहे ते हेच. आपल्याकडे बसून ऐकणारी माणसं आहेत. आपल्या मैफलीचं मूळ रूपही एका खोलीत मावणारं, माइकशिवायचंच होतं. वेरूळ-अजिंठा महोत्सव किंवा नांदेडचा संगीत शंकर दरबार ही मराठवाड्याची भूषणं आहेत, मी ती आवडीनं ऐकत आले आहे. पण हजारो माणसांसमोर, ध्वनिवर्धकावर चार तारवाद्यांचं हे कुजबुजतं संगीत टिकत नाही, आणि नवख्या वादकाला त्या व्यासपीठाची घाईही नसते. त्याला लहान खोली हवी. माझ्या तरुणपणी आकाशवाणीच्या परभणी केंद्रावर स्वरपरीक्षा उत्तीर्ण झाले, बी श्रेणी मिळाली, आणि ठरावीक काळानं बोलावणं येऊ लागलं. रक्कम लहान होती, पण चेकवर माझं नाव होतं आणि पुढच्या बोलावण्याची खात्री होती. त्या खात्रीवर मी रियाज केला. आजच्या मुलांना सत्कार खूप मिळतात, अशी खात्री कुणी देत नाही.

कुणी म्हणेल, पाश्चात्य संगीत हे मुंबईचं काम. ते मुंबईतही सोपं गेलेलं नाही. मेहली मेहता यांनी १९३५मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि १९४०मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट उभं केलं. स्वतः उत्तम व्हायोलिनवादक असूनही पुढचं शिकायला त्यांना १९४५मध्ये न्यूयॉर्क गाठावं लागलं, आणि त्यांचं पुढचं बहुतेक आयुष्य इंग्लंड-अमेरिकेतच गेलं. त्यांचे पुत्र, ऑर्केस्ट्रा संचालक झुबिन मेहता, सगळ्यांना माहीत आहेत. मुंबईच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलाकेंद्रात २००६मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, तेव्हा संगीत दिग्दर्शक मरात बिसेंगालिएव्ह कझाकस्तानचे होते आणि अनेक वादकही तिकडूनच आणावे लागले, कारण इथे तयार झालेले वादक पुरेसे नव्हते. मग एनसीपीएनं मुलांसाठी अकादमी काढली. तयार माणसं हवी असतील तर त्यांची सुरुवातीची वर्षं कुणीतरी सांभाळावी लागतात, हे त्यांच्याही लक्षात आलं.

आणि लहान गावाला हे झेपत नाही, हे मला अजिबात मान्य नाही. फिनलंडमध्ये रशियाच्या सीमेजवळ कुहमो नावाचं आडबाजूचं गाव आहे. १९७०मध्ये सेप्पो किमानेन या तरुण चेलोवादकानं तिथे चेंबर म्युझिकचा, म्हणजे खोलीत मावेल अशा मोजक्या वाद्यांच्या संगीताचा, उन्हाळी महोत्सव सुरू केला. आज जगभरचे वादक तिथे जातात. चेक संगीतकार ड्वोर्झाक यांनी त्यांचा ‘अमेरिकन’ क्वार्टेट १८९३च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, स्पिलव्हिल या खेड्यात लिहिला. लिहून होताच त्यांनी स्वतः पहिलं व्हायोलिन घेतलं, गावातले शिक्षक कोवार्झिक आणि त्यांची दोन मुलं यांना बरोबर बसवलं आणि तो तिथेच वाजवून पाहिला. आज तो जगातल्या सगळ्यात जास्त वाजणाऱ्या क्वार्टेटपैकी एक आहे. पहिल्यांदा तो एका शाळामास्तरच्या कुटुंबात वाजला, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते.

तेव्हा नगरपालिका-महानगरपालिकांना माझी विनंती आहे की नाट्यगृहाला लागून जी लहान सभागृहं असतात, ती महिन्यातली एक संध्याकाळ ध्वनिवर्धकाशिवायच्या संगीतासाठी नाममात्र भाड्यानं राखून ठेवावीत. वाद्य कोणतंही असो. माझ्या शेजारच्या गल्लीत एक मुलगा सुंदर बासरी वाजवतो आणि एक मुलगी सतार शिकते, त्यांचीही गरज हीच आहे. संगीत मंडळांनी तरुण वादकांना बोलावताना मानधन किती ते आधी लिहून कळवावं, रक्कम लहान असली तरी. ‘आम्ही तुम्हाला संधी देतोय’ हे वाक्य मी या मुलांना फार वेळा ऐकताना पाहिलं आहे. त्या संधीतून तारांचा संच येत नाही. आणि आपल्या दैनिकाला विनंती अशी की पुढच्या वेळी बातमीत हाराचा फोटो नसला तरी चालेल, पण तिनं काय वाजवलं त्या रचनेचं नाव जरूर छापा. वाचणाऱ्या एखाद्या मुलाला ते मोबाइलवर शोधून ऐकता येईल.

येत्या डिसेंबरात तिच्या क्वार्टेटचे चौघंही भारतात येत आहेत. मुंबईचा कार्यक्रम झाल्यावर दोन दिवस ते परभणीत असतील. ‘एम्परर’ आणि ‘अमेरिकन’ हे दोन्ही क्वार्टेट ते वाचनालयात वाजवणार आहेत. राहण्याची सोय माझ्या घरी आहे, मानधनासाठी आम्ही वर्गणी सुरू केली आहे आणि ती बरी जमते आहे. नांदेड, लातूर, हिंगोली, अंबाजोगाई, बीड, जालना इथल्या कुणा मंडळाला किंवा शाळेला त्या आधी-नंतरची एखादी संध्याकाळ करायची असेल, तर त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावं. शंभर माणसं मावतील एवढी खोली पुरे. फरशीची असेल तर उत्तम, जाजम घालू नये, आवाज त्यात बुडतो. गज चालवताना कोपर अडतो, म्हणून हात नसलेल्या, न डुगडुगणाऱ्या चार लाकडी खुर्च्या लागतील. आमच्याकडे दोन जमल्या आहेत. परभणीत कुणाकडे आणखी दोन असतील तर त्या दोन दिवसांपुरत्या वाचनालयात आणून द्याव्यात.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त संगीत शिक्षिका, परभणी
(नाव न छापण्याची विनंती.)